पाव फेरी

इंजिन नुसतं ऐकून ते पेट्रोल किती पितंय हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, आणि तो माझा सख्खा धाकटा भाऊ. भाऊ आहे म्हणून सांगत नाही. मी स्वतः काही कच्चा गडी नाही. शाळा सातवीपर्यंतच, पण डोळ्यांवर फडकं बांधून गिअरबॉक्स खोलून परत बसवायचो, तेही पैज लावून, आणि एक बोल्ट उरायचा नाही. आमच्या रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. तरी सांगतो, धाकट्यापुढे मी नुसता पाने पुसणारा.

त्याच्याबद्दल लोक आता दोनच वाक्यं बोलतात. एक, हात सोन्याचे होते. दुसरं, त्याच्यामुळे एक बाई मेली. या दोन वाक्यांच्या मध्ये काय झालं ते मला माहीत आहे, आणि मी नाही सांगितलं तर कोणी सांगणार नाही. लिहायची सवय नाही मला. बोलायची मात्र दांडगी आहे, तेव्हा बोलतो तसंच लिहितो.

आमचे वडील एका फर्निचरवाल्याचा टेम्पो चालवायचे. धाकटा आठेक वर्षांचा असताना एकदा टेम्पोची पेट्रोलची नळी गळायला लागली. वडील शिव्या घालत फडकं शोधतायत, आणि हा खाली उताणा पडून डब्याच्या झाकणात थेंब धरतोय. म्हणतो, "बाबा, मिनिटाला एकवीस!" वडील ओरडले, "अरे थेंब्या, मोजतोस काय, बोट लाव!" तेव्हापासून घरात तो थेंब्या. गिऱ्हाइकांसाठी मात्र तो 'धाकटे' आणि मी 'मोठे'.

वडील गेल्यावर गॅरेज मी टाकलं. जागा मी शोधली, पत्रे मी चढवले, पाटी मी रंगवली. अक्षर माझं पहिल्यापासून झोकदार. धाकट्याला हाताशी घेतलं आणि येत होतं तेवढं सगळं शिकवलं. दोन वर्षांत तो असं काही करायला लागला जे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर असतो. पेट्रोल आणि हवा तिथे एकत्र होतात आणि इंजिनात जातात. त्याला एक बारका स्क्रू असतो. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. एवढंच. कोणीही फिरवू शकतो. पण धाकटा लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचा, टोक इंजिनवर टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि दुसऱ्या हाताने तो स्क्रू असा फिरवायचा की बघणाऱ्याला वाटावं, याने हात हलवलाच नाही. मग प्लग काढून बघायचा. प्लगचं टोक काळं असलं तर म्हणायचा, "खादाड आहे." बिस्किटाच्या रंगाचं असलं तर, "तब्येत छान." आणि पांढरं असलं तर चेहरा उतरायचा त्याचा. "हिला उपाशी ठेवलीय कोणीतरी." गाडीबद्दल असं बोलायचा, जसं शेजारच्या पोराबद्दल बोलावं.

आमची खरी प्रसिद्धी झाली ती भिंतीमुळे. गॅरेजच्या मागे एका गोदामाची लांबच लांब भिंत होती आणि तिच्या कडेने सरळ रस्ता, चढ ना उतार. धाकटा गाडीची टाकी बंद करायचा, बॉनेटला सलाईनची बाटली टांगायचा, तिच्यात मोजून वीस मिलिलिटर पेट्रोल घालायचा आणि नळी थेट कार्ब्युरेटरला. मग एकाच वेगाने गाडी हळूहळू हाकायची. पेट्रोल संपलं की गाडी जिथे मरेल तिथे भिंतीवर खूण. खूण करायचं काम माझं. लाल रंग, जाड ब्रश, गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे. ट्यूनिंगच्या आधीची खूण आणि नंतरची खूण, दोन्ही समोरासमोर. ज्याला यायचंय त्याने यावं, पावलं मोजावीत! लोक यायचेही. रविवारी तर बघे जमायचे. ही भिंतीची अक्कल माझी होती, हे इथे लिहून ठेवतो. धाकट्याला ती फारशी आवडायची नाही.

"दादा, भिंतीवर गाडी धावते ती वेगळी आणि रस्त्यावर धावते ती वेगळी," तो म्हणायचा.

"अरे पण लोकांना भिंतच दिसते ना!" मी म्हणायचो.

पुढे दिवस पालटले. नव्या गाड्या आल्या, त्यांत कार्ब्युरेटरच नाही. सगळं कॉम्प्युटर ठरवतो. समोरच्या बाजूला एकाने काचेचं गॅरेज थाटलं, आत टीव्हीसारखी मशीनं. त्याला आम्ही मशीनवाला म्हणायचो. आमच्याकडे राहिल्या त्या टॅक्सी स्टँडवरच्या जुन्या गाड्या. चाळीस होत्या. मग एक दिवस स्टँडचे अध्यक्ष आले. अंगाने रुंद आणि आवाजाने त्याहून रुंद.

"मोठे, आता सगळ्या गाड्यांचं काम एकाच ठिकाणी द्यायचं ठरलंय. मशीनवाला म्हणतो, मी जुन्या गाड्यापण घेतो. तुमचीच भिंत, तुमचीच बाटली. त्याने एक गाडी तयार करावी, तुम्ही एक. जिची खूण पुढे, त्याच्याकडे चाळीसच्या चाळीस."

चाळीस गाड्या गेल्या असत्या तर आमच्याकडे उरलं असतं काय? पंक्चर. हे मलाही कळत होतं आणि धाकट्यालाही.

मशीनवाल्याची गाडी विजेच्या खांबाच्या तीन पावलं पुढे जाऊन थांबली. मी हसून म्हटलं, "एवढंच? आमचे धाकटे चहा पिता पिता याच्या पुढे जातील. गाडी खांबाच्या वीस पावलं पुढे नाही गेली तर माझी पाटी उतरवतो!" असं मी बोललो. चाळीसएक माणसांसमोर.

आमच्या वाट्याला गाडी आली ती शिट्टीवाल्याची. गाडी चालवताना सतत शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टीवाला. साधा, सरळ, पन्नाशीचा. धाकट्याने तीन दिवस त्या गाडीवर काढले. व्हॉल्व घासले, टायमिंग लावलं, ब्रेक कुठे चिकटतात ते बघितलं, टायरमधली हवा बघितली. मग बाटली टांगली. गाडी गेली, गेली, आणि खांबाच्या अलीकडे चार पावलांवर थांबली.

मशीनवाल्याने नुसता चष्मा पुसला. तेवढं पुरलं मला.

धाकटा बॉनेट उघडून उभा होता. मी जवळ गेलो. "स्क्रू पाव फेरी अजून घे आत."

"नाही दादा. ही बरोबर आहे आता. याच्यापुढे तिच्या पोटाला चिमटा बसेल."

"या एका बाटलीपुरता. नंतर परत काढ."

"थांबलेल्या गाडीला एकदम जोर द्यायला गेलं तर घुटमळेल. गाडी आहे ती, माणसं बसतात तिच्यात."

मी आवाज चढवला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. "काय धाकटे, हात आखडला की काय? भाऊ माझा आहेस की मशीनवाल्याचा?"

लोक हसले. धाकट्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाव फेरी आत घेतली.

गाडी खांबाच्या पुढे बावीस पावलं गेली.

काय आरडाओरडा झाला! अध्यक्षांनी मला मिठी मारली. मशीनवाला निमूट निघून गेला. मी धाकट्याला उचलून घेतलं, चाळिशीतल्या बाप्याला. तो मात्र खाली उतरला तो थेट शिट्टीवाल्याकडे गेला. आज शनिवार, इंजिन जास्तच तापलंय, आत्ता सेटिंग नीट बसणार नाही. उद्या गाडी काढू नका, सोमवारी सकाळी या, मी स्क्रू परत जागेवर आणतो. तोवर ही गाडी फक्त दाखवायची आहे, चालवायची नाही. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मी शेजारीच होतो.

सोमवारी धाकटा सुटे भाग आणायला बाजारात गेला होता. मी भिंतीवर ती बावीस पावलांची खूण रंगवत होतो. नेहमीपेक्षा दुप्पट मोठी. शिट्टीवाला आला.

"धाकटे नाहीत? त्यांनी बोलावलं होतं."

आता त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. दहा वाजता अध्यक्ष बाकीच्या ड्रायव्हरांना घेऊन येणार होते, शिट्टीवाल्याची गाडी बाटलीवर परत चालवून बघायला. हा निरोप धाकटा बाजारात गेल्यावर आला होता, त्याला याचा पत्ता नव्हता. स्क्रू परत फिरवला असता तर गाडी खांबाच्या अलीकडेच मेली असती. सगळ्यांसमोर.

"चालतेय ना गाडी?" मी विचारलं.

"चालते तशी. सुटताना जरा अडखळते."

"नवी सवय आहे तिला, लागेल वळण. अध्यक्ष येऊन गेले की स्टँडवर लाव, धंदा कर. धाकट्याचं काय, त्याला सगळ्यातच खोट दिसते. आणि लांब राहा जरा, रंग लागेल."

तो शिट्टी वाजवत गेला. दहा वाजता गाडी परत खांबाच्या पुढे गेली, चाळीस गाड्या आमच्या झाल्या. धाकटा परतल्यावर त्याने पहिलं विचारलं, "आला होता का तो?"

मी म्हटलं, "नाही आला."

का म्हटलं? चार शब्द बोललो असतो तर त्याने सायकल काढून स्टँडवर जाऊन स्क्रू फिरवला असता. दहा मिनिटांचं काम. पण मग स्टँडवरच्या सगळ्यांनी बघितलं असतं. मंगळवारी तो म्हणाला, मी जाऊन बघून येतो. मी म्हटलं, तो बाहेरगावची भाडी घेतोय, येईल. बुधवारीही तेच.

गुरुवारी दुपारी हॉस्पिटलच्या चौकात शिट्टीवाला उजवीकडे वळायला थांबला होता. मागे एक बाई, हातात एक्स-रेचं पाकीट. समोरून ट्रक येत होता, पण लांब होता. कुठलीही धड गाडी निघून गेली असती. शिट्टीवाल्याने पाय दाबला, गाडी अर्ध्या चौकात गेली, घुटमळली आणि उभी राहिली. ट्रकने डावी बाजू आत घेतली. बाई जागच्या जागी गेली. शिट्टीवाल्याचा खुबा मोडला.

स्टँडवरून निरोप आला तेव्हा धाकटा कोणाच्या तरी गाडीखाली होता. निरोप्या म्हणाला, "शिट्टीवाला सारखं एकच म्हणतोय, दाबला पण उचललीच नाही, दाबला पण उचललीच नाही. पोलीस म्हणतात, सगळे ड्रायव्हर असंच म्हणतात. ट्रक दिसत असताना घुसला म्हणून त्याच्यावरच केस."

धाकटा गाडीखालून बराच वेळ बाहेर आला नाही. त्याचे पाय दिसत होते फक्त.

संध्याकाळी तो पोलिसांच्या आवारात गेला. गाडीचा मागचा भाग चेंदामेंदा, पुढचं इंजिन शाबूत. ओळखीच्या हवालदाराला विनवून त्याने एक प्लग काढून बघितला. घरी येऊन म्हणाला, "चुन्यासारखा पांढरा आहे, दादा." आणि न जेवता आत गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या नकळत तो चौकीवर गेला आणि सगळं सांगून आला. स्क्रू मी फिरवला, पाव फेरी जास्त, पैजेसाठी. इन्स्पेक्टरने विचारलं, मग गाडी रस्त्यावर कशी आली? हा म्हणाला, सोमवारी या म्हणून सांगितलं होतं, तो आला नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, म्हणजे गाडीत दोष आहे हे माहीत असून याने धंद्याला लावली. उलट वाईटच झालं. खरं बोलायला गेलेल्या माझ्या भावाने, माझं ऐकून, त्या मोडलेल्या माणसावर आणखी एक धोंडा ठेवला.

हे सांगायला आणि माफी मागायला तो हॉस्पिटलमध्ये निघाला. मी नको नको म्हणत बरोबर गेलो. शिट्टीवाला पाय टांगून पडला होता.

"तुम्ही सोमवारी आला असतात तर..." धाकटा म्हणाला.

"आलो होतो की," तो म्हणाला. "सोमवारीच आलो होतो. मोठ्यांना विचारा. भिंत रंगवत होते. म्हणाले लांब राहा, रंग लागेल. आठवतं ना मोठे?"

आयुष्यात माझी जीभ कधी अडली नव्हती. सासऱ्यासमोर नाही, पोलिसांसमोर नाही. त्या दिवशी अडली.

धाकट्याने माझ्याकडे बघितलंच नाही. शिट्टीवाल्याचं पांघरूण सरळ केलं, पाणी हवंय का विचारलं. मग मला म्हणाला, "दादा, तू बाहेर बस जरा." मी बाहेरच्या बाकावर बसलो. वीस मिनिटांनी तो आला. परत येताना मी सुरुवात केली, "थेंब्या, मला वाटलं की..."

"रस्ता ओलांडायचाय," तो म्हणाला. "बघून चल."

दोन दिवसांनी मला कळलं, त्याने जबाब बदलला, सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. ड्रायव्हर सोमवारी आला होता. मीच त्याला परत पाठवलं, चालव म्हणून सांगितलं. शिट्टीवाल्यानेही तेच लिहून दिलं.

मी त्याला मोरीपाशी गाठलं. हातावरचं ग्रीस धूत होता.

"हे काय केलंस?"

"स्क्रू माझ्या हाताने फिरला."

"पण त्याला परत मी पाठवलं!"

त्याने नळ बंद केला. "मग जा, सांग तसं. चौकी उघडी आहे."

मी उभाच.

"जातोस?"

माझ्या दोन मुली शाळेत होत्या. गॅरेज माझ्या नावावर. पाटी, भिंत, चाळीस गाड्या. ही सगळी कारणं मी तेव्हा मनात मोजली. खरं कारण एकच होतं. मोठ्यांनी खोटं बोलून बाई मारली, हे लोकांच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

"मग झालं तर," तो म्हणाला आणि पुन्हा हात धुवायला लागला. "वहिनीला सांगू नकोस. तिला तुझ्याबद्दल लई वाटतं."

कोर्टात त्या बाईचा मुलगा आला होता. विशीतला, इस्त्रीचा शर्ट. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात तो धाकट्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारणार. मी मध्ये पडायला पुढे झालो. पण त्याने फक्त विचारलं, "पाव फेरी म्हणजे किती?"

धाकट्याने अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. असं, आणि इथपर्यंत. मनगट हललंसुद्धा नाही.

मुलगा त्या बोटांकडे बघत राहिला. "एवढंच?" म्हणाला, आणि गेला.

आठ महिन्यांची शिक्षा झाली धाकट्याला. शिट्टीवाला सुटला. चाळीस गाड्या महिन्याभरात मशीनवाल्याकडे गेल्या. गोदामवाल्याने भिंतीला चुना मारून घेतला. मी पंक्चर काढत बसलो. लोक म्हणायचे, मोठे बिचारे, भावापायी बुडाले. आणि मी ते म्हणू द्यायचो. मान हलवायचो.

सुटून आला तो घरीच राहिला, मागच्या खोलीत. मला दादा म्हणायचा, पहिल्यासारखंच. माझ्या मुलींना गणितं शिकवायचा. पण बॉनेट उघडायला त्याने हात लावला नाही. एका शीतगृहात खोकी रचायचं काम धरलं. एकदा एक जुना गिऱ्हाईक लांबून गाडी घेऊन आला, नुसतं ऐकून सांगा म्हणाला. धाकटा म्हणाला, "गल्ली चुकलात साहेब," आणि आत गेला. जगात असा दुसरा कान नव्हता, आणि तो दिवसभर पंख्यांची घरघर ऐकत होता. चौथ्या वर्षी त्याचा खोकला जाईना.

मुलींची लग्नं झाल्यावर मी एकदा हिंमत केली. त्याच्या खाटेजवळ बसलो. "थेंब्या, मी जातो आता. खरं सांगून येतो सगळ्यांना."

तो खोकत होता. खोकला थांबल्यावर म्हणाला, "आता कशाला? तुला बरं वाटावं म्हणून?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"मी भोगलेलं फुकट घालवून तू मोठा होणार. नको दादा. तेवढं तरी माझं माझ्याकडे राहू दे."

गेल्या वर्षी तो गेला. छातीनेच. स्मशानात माणसं मोजकी आली. शिट्टीवाला आला होता, काठी टेकत, एक पाय ओढत. सगळं उरकल्यावर तो माझ्याजवळ येऊन टेकला. शिट्टी त्याने कधीच सोडली होती.

मी म्हटलं, "माझ्या भावासारखा कारागीर पुन्हा व्हायचा नाही."

"त्या दिवशी तुम्हाला बाहेर बसवलं ना," तो म्हणाला, "तेव्हा त्याने माझे पाय धरले होते. म्हणाला, माझं नाव घ्या, दादाचं घेऊ नका. दादाला लोकांत मान खाली घालून चालता येणार नाही, तो मरेल."

"आणि तुम्ही कबूल झालात."

"मला सुटायचं होतं," शिट्टीवाला म्हणाला. "तुम्हालाही सुटायचं होतं. त्याला सोडून सगळे सुटलो."

मी त्याला हाताला धरून उठवलं. फाटकापर्यंत पोचवलं. रिक्षा थांबवून दिली. तो बसला, त्याने काठी आत घेतली, माझ्याकडे न बघता रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

सोमवारी गाडी मी परत पाठवली. माझ्या भावाने नाही. नको म्हणाला होता तो, तरी लिहितोय. बरं वाटत नाहीये.